काळा पाषाण : कोणाच्या नजरेने?

मराठी साहित्याने सह्याद्रीवर फार प्रेम केले आहे. इतके, की त्या प्रेमाचा हिशेब मागावा असे कोणाला वाटले नाही. गोविंदाग्रजांच्या महाराष्ट्रगीतापासून तो शाळेतल्या निबंधापर्यंत एकच सूत्र चालत आले आहे : इथला दगड काळा आणि कठीण, म्हणून इथला माणूस काटक, स्वाभिमानी आणि लढाऊ. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर 1900 साली जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही डोंगररांगा, किल्ले आणि हवामान यांना मराठी स्वभावाच्या घडणीत मानाचे स्थान आहे. रानड्यांच्या लेखनात निदान विवेचन होते. पुढच्यांच्या हाती विवेचन गळाले आणि घोषणा तेवढी उरली. दगडाचा गुण थेट माणसाच्या अंगाला चिकटवला की मधली माणसे आपोआप गळतात. दगड फोडणारे, वाहणारे, त्याखाली दबून मेलेले असे सगळेच गळतात आणि शिल्लक राहतो तो ‘कणखर महाराष्ट्र’.

मी कर्जतच्या बाजूला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वर्गात बसून मला उल्हासाच्या खोऱ्यावर उभा असलेला राजमाचीचा डोंगर दिसतो, आणि माझ्यासमोर त्याच डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाड्या, कातकरवाड्या आणि बौद्धवाड्यांतून आलेली मुले बसलेली असतात. दोन वर्षांपूर्वी मी हे महाराष्ट्रगीत शिकवीत होतो. कणखरपणावर माझे बरेच बोलून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, आमच्यात कणखर दगड चांगला नाही म्हणतात. त्यात विहीर लागत नाही.’’

वर्ग हसला. मीही हसलो. पण त्या एका वाक्याने माझ्या त्या दिवसाच्या व्याख्यानाचा पाया उखडला, हे मला घरी जाताना कळले. हा लेख म्हणजे त्या वाक्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

मुलगी म्हणाली ते शास्त्रानेही खरे आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी या भूमीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. तो एकदाच आला नाही. एक थर निवायचा, त्याच्यावर दुसरा यायचा. आज त्या थरांनी सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे आणि सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. प्रत्येक थराचे पोट घट्ट असते. डोके मात्र वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेले असते. त्या पोकळ्यांत मागाहून स्फटिक धरतात आणि आमची मुले ते गारगोट्या म्हणून गोळा करतात. घट्ट पोट उभे फुटते व त्याचा कडा होतो, पोकळ डोके झिजते व त्याची माची होते. कडा, माची, पुन्हा कडा अशा या पायऱ्या पाहूनच युरोपातल्या लोकांनी या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटले. उत्तरेकडच्या भाषांतला जिन्याचा शब्द तो. किल्ल्यांची माची आणि बालेकिल्ला ही रचना कोणा राजाच्या डोक्यातून निघालेली नाही, ती या थरांनी आधीच आखून ठेवली होती. राजांनी तिच्यावर तट चढवले, म्हणजे चढवून घेतले.

आता पाण्याकडे येऊ. या घट्ट पोटात पाणी मुरत नाही. ते भेगांत सापडते, वरच्या मुरमात सापडते, किंवा दोन थरांच्या सांध्यावर पाझरते. म्हणून एका विहिरीला पाणी लागते आणि तिच्यापासून पन्नास पावलांवरची कोरडी जाते. कर्जत-खालापुरात पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि एप्रिल आला की त्याच वाड्यांवर बायका हंडे घेऊन ओढ्यात झिरे उकरतात. पाऊस आहे, पण खडक तो धरून ठेवत नाही. अशा मुलखात पाणी लागलेली विहीर ही साधी सोय राहत नाही, ती सत्ता होते. ती कोणाच्या शेतात लागली, कोणाच्या आळीत लागली, यावर गावाचे सारे व्यवहार ठरतात.

इथे मला सावध राहायला हवे. भूगोलाने इतिहास घडवला हे म्हणणे सोपे आहे, आणि जातीची जबाबदारी खडकावर ढकलायला ते सोयीचेही आहे. टंचाई खडकाने दिली हे खरे. पण थोड्या पाण्यात आधी कोणी भरायचे आणि कोणी शिवायचेच नाही, हे कोणत्याही थरात लिहिलेले नाही. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना चवदार तळ्यावर चालत जावे लागले. महाडही आमच्याच जिल्ह्यात. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. तळ्यात पाणी भरपूर होते, पिण्याला आडवे आलेले काही दगडाचे नव्हते. सह्याद्रीच्या कणखरपणावर लिहिणाऱ्यांना हा फरक सांगावा लागतो, याचेच आश्चर्य वाटते.

माझी आजी कर्जतची. या कर्जतची नव्हे, नगर जिल्ह्यातल्या कर्जतची. महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत आणि दोन्ही एकाच काळ्या खडकावर उभी आहेत. आमच्या कर्जतला घाटाने अडवलेला पाऊस सगळा मिळतो, तिच्या कर्जतला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला बसली. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती, त्यातली ती एक. खडी मापावर मोजून घेतली जायची आणि माप भरले तर पैसे. दगड कठीण निघाला तर त्या दिवसाचे माप भरायचे नाही. आजीच्या भाषेत कठीण दगडाला एकच विशेषण होते, आणि ते मला छापता येणार नाही. कठीणपणाची ही दुसरी मोजपट्टी आहे. कवीला तो रंगात आणि आकारात दिसतो, आजीला तो तासांत आणि पैशांत मोजून मिळाला. समीक्षेने या दोन मोजपट्ट्या शेजारी ठेवायला हव्यात, एवढेच माझे मागणे आहे.

आमच्या तालुक्यात या दगडावर माणसाच्या हाताचे जुने काम आहे ते कोंडाण्याच्या लेण्यांत. कोंदिवड्यावरून रानातून चढत गेले की राजमाचीच्या पोटाशी हा चैत्य आणि विहार लागतात. इसवी सनापूर्वीच्या शतकांतले हे काम. दर्शनी भाग बराच ढासळला आहे, आतले खांब तुटले आहेत. तरी लाकडी बांधकामाची दगडातली नक्कल पाहून छाती दडपते. या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले.

मी विद्यार्थ्यांना तिथे नेतो तेव्हा या ओळीपाशी बराच वेळ थांबतो. लेण्यांच्या शिलालेखांत बहुधा दान देणाऱ्यांची नावे असतात : कोणी श्रेष्ठी, कोणी भिक्खुणी, कोणी राजाचा अमात्य. दान देणाऱ्याचे नाव राहणे नवे नाही. इथे ‘केले’ असे म्हणणाऱ्याचे नाव आहे आणि त्याच्या गुरूचेही. बलक कोणत्या कुळातला होता हे ती ओळ सांगत नाही. त्याला ते सांगण्याची गरज वाटली नाही, गुरू सांगणे त्याला पुरेसे वाटले. बुद्धाच्या संघाच्या सावलीत टाकी चालवणाऱ्या माणसाला आपले नाव दगडात घालता आले, ही गोष्ट मला लेण्याच्या कमानीपेक्षा मोठी वाटते. आमचे कार्यकर्ते तिथे जातात, वंदना घेतात, परत येतात. बलकाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

आता त्याच खोऱ्यातून वर चढणाऱ्या लोहमार्गाकडे पाहा. बोरघाटाचे काम 1856 साली सुरू झाले आणि 1863 च्या एप्रिलमध्ये घाटातून गाडी सुरू झाली. पंधरा मैलांहून थोड्या अधिक अंतरात 1,831 फुटांचा चढ आणि पंचवीस बोगदे. डायनामाइट 1867 चे, म्हणजे ते अजून जन्मायचे होते. पहार आणि घण घेऊन हाताने भोके पाडायची, त्यात दारू ठासायची आणि पळायचे. काही ठिकाणी कड्यावरून दोराने माणूस खाली सोडायचा आणि लोंबकळत त्याने भोक पाडायचे. 1861 साली या एका घाटात 42 हजारांच्या आसपास माणसे राबत होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. पटकी आणि हिवतापाने किती गेली याचे आकडे जो तो आपल्या सोयीने सांगतो. मजुरी थकली म्हणून जानेवारी 1859 मध्ये मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी पहिल्या कंत्राटदाराकडून, फॅव्हिएलकडून, काम काढून सॉलोमन ट्रेडवेलला दिले गेले. तो येथे आल्यावर थोड्याच दिवसांत मेला आणि त्याच्या पत्नीने, अॅलिसने, ते कंत्राट पुढे निभावले. अलीकडे तिच्यावर कौतुकाने लिहिले जाते. लिहावे. बाई धीराची होती. पण 42 हजारांमधल्या एकाचे तरी नाव त्या कौतुकाच्या लेखांत असावे, अशी अपेक्षा करणे चूक आहे काय? दोन हजार वर्षांपूर्वीच्या बलकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि दीडशे वर्षांपूर्वी बोगदा फोडणाऱ्याचे नाही. ज्याला आपण आधुनिक युग म्हणतो, त्याच्या कागदांचा हा हिशेब आहे.

लोकांनी आपल्यापुरता एक उपाय केला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. दंतकथा अशी की घाटाची वाट साहेबांना सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली. बक्षीस काय हवे विचारल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकेल असे मी म्हणत नाही. पण गुरांमागे हिंडणाऱ्या माणसाला वाट ठाऊक असते आणि नकाशावर नाव दुसऱ्याचे लागते, हे तिच्यातले सार कोणत्याही कागदपत्राइतके पक्के आहे. माथेरानचेही असेच. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने ते ‘शोधले’ असे पाठ्यपुस्तके सांगतात. पायथ्याचे ठाकूर आणि कातकरी तेव्हा काय करीत होते ते पाठ्यपुस्तकांत नाही. पुढे त्याच माथ्यावर माणसाने माणसाला ओढण्याच्या रिक्षा इतकी वर्षे चालल्या, की त्या सहा महिन्यांत बंद करा असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट 2025 मध्ये सांगावे लागले.

माझे वडील याच घाटात रेल्वेच्या हिल गँगमध्ये होते. पावसाळ्याआधी कमरेला दोर बांधून कड्यावर उतरायचे आणि सुटे झालेले दगड पहारीने पाडायचे, हे त्यांचे काम. कोणता दगड यंदा येणार हे ते पहारीच्या आवाजावरून सांगत. भरीव आवाज आला तर राहू द्यायचा, भदभद वाजला तर पाडायचा. ही विद्या त्यांना कोणत्याही पुस्तकाने दिली नव्हती आणि त्यांच्याकडून ती कोणत्याही पुस्तकात गेली नाही. दर पावसाळ्यात डेक्कन क्वीनच्या खिडकीतून धबधबे पाहणारे प्रवासी त्या आवाजाच्या भरवशावर पुण्याला पोचत होते.

आता साहित्याकडे वळतो, कारण माझी तक्रार मुख्यतः तिथे आहे. गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी याच राजमाचीच्या परिसरात घडते. मुंबई सोडून एक म्हातारा आपल्या डोंगरात परततो आणि रान, पाखरे, जनावरे यांच्या सोबतीत उरलेले आयुष्य काढतो. दांडेकरांनी हा डोंगर पायांनी पाहिला होता. झाडाचे, वाऱ्याचे, ऋतूचे त्यांचे वर्णन खोटे नाही आणि कादंबरी मला आजही आवडते, हे मी लपवणार नाही. तरी तिच्यात एक जागा रिकामी वाटते. माचीवरचे एकटेपण तिथे मुक्ती म्हणून येते. माचीवर राहणे म्हणजे पाण्यासाठी किती उतरावे लागते, दुखणेकऱ्याला झोळीत घालून किती कोस न्यावे लागते, आणि खालच्या सपाट जमिनी कोणाच्या नावावर आहेत म्हणून माणसे वर राहतात, हे प्रश्न त्या निसर्गात विरघळून जातात.

तिच्या शेजारी अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा ठेवा. वारणेकाठचा भीमा पोटासाठी मुंबईच्या उपनगरात येतो आणि दगडाच्या खाणीत कामाला लागतो. अंगात बळ अचाट, डोंगराशी झुंज घेणारा हा गडी. खाण बंद पडते. मग तो स्मशानातली राख चाळून, प्रेते उकरून सोने काढू लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकून बोटे जातात, आणि बोटे गेल्यावर कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. बुधा मुंबईकडून डोंगराकडे जातो, भीमा डोंगरदऱ्यांतून मुंबईच्या खाणीकडे. दोघांच्याही समोर तोच काळा पाषाण आहे. एकाला तो निवारा देतो. दुसऱ्याला तो मजुरी देतो आणि ती कधी बंद करायची हे दुसरेच कोणी ठरवते. बोटे ही अण्णा भाऊंनी सहज निवडलेली नाहीत. खाणकामगाराकडे विकायला दुसरे काही नसते. मराठी समीक्षेने या कथेतले भय आणि थरार भरपूर नावाजले. पण ती दगडाची कथा आहे, खाण चालू की बंद यावर माणसाचे माणूसपण टांगलेले असल्याची कथा आहे, असे वाचन मला फारसे आढळले नाही.

आणि आपलेही थोडे पाहू. दलित कवितेत दगड आला तो बहुधा हातात घेऊन फेकण्यासाठी. तो राग खरा होता आणि त्याची गरज होती. पण जो हात दगड फेकतो, तोच पिढ्यान्‌पिढ्या तो घडवीत होता, हे ज्ञान आपल्या कवितेत कमी उतरले. दया पवारांनी धरण बांधणाऱ्या बाईला कवितेत आणले, ती वाट पुढे रुंद व्हायला हवी होती. घण, सुतकी, टाकी, पहार, सुरुंग, डबर, खडी या शब्दांमागे एक संपूर्ण विद्या आहे. ती विद्या वडारांची आहे, पाथरवटांची आहे, विहिरी खणणाऱ्या आपल्या वडिलांची आहे. आपण तिला केवळ यातना म्हणून लिहिले. यातना होतीच, पण तेवढीच नव्हती. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक ओळखणारा माणूस केवळ पीडित म्हणून लिहिला गेला, तर त्याचे अर्धे माणूसपण आपणही गाळतो.

शेवटचा मुद्दा नावाचा. 1980 च्या दशकात भूशास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांची फोड केली आणि प्रत्येक गटाला नाव दिले. खालून वर जाताना जव्हार, इगतपुरी, नेरळ, मग ठाकूरवाडी, मग भीमाशंकर, खंडाळा. नेरळ आमच्या तालुक्यातले. ठाकूरवाडी हे नाव बोरघाटाच्या लोहमार्गावरही आहे. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात या खडकावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आज ‘ठाकूरवाडी’ हा शब्द लिहितो. ठाकरांची वाडी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. वाडीचे नाव दगडाला मिळाले, वाडीला काय मिळाले?

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर समाजाची वाडी. गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेली माणसेसुद्धा पावसात, अंधारात पायीच चढली. 27 मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 57 माणसे बेपत्ता होती. ती त्या मातीतच राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती, असे शासनाकडूनच सांगण्यात आले. कड्याच्या पायाशी शतकानुशतके साचलेला दगडमातीचा ढीग मुसळधार पावसात सुटतो, हे शास्त्र सांगते आणि ते खरे आहे. पण त्या ढिगावर घर बांधायला कोण जाते, हे शास्त्राच्या बाहेरचे आहे. खालची भातजमीन आधी सावकाराकडे गेली, आता फार्महाऊसकडे जात आहे. वरचे रान वनखात्याचे. उरला तो मधला उतार. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी ‘निसर्गाचा कोप’ असे मथळे दिले. माझ्या वर्गातली तीन बाके आठ दिवस रिकामी होती. मुले नात्यातल्यांच्या मातीला गेली होती, आणि माती द्यायला हातात काही सापडले नव्हते.

त्यानंतर मी एक उद्योग सुरू केला. निबंधाऐवजी मुलांना सांगितले, घरात दगडाविषयी काय बोलले जाते ते लिहून आणा. वह्या माझ्याकडे आहेत. कोणाच्या आजीने जात्याचा दगड कुठून आणला ते आहे. कोणाचा बाप खालापूरच्या क्रशरवर आहे, त्याला रात्री खोकला झोपू देत नाही ते आहे. एका कातकरी मुलाने लिहिले की त्याच्या वाडीवर दगडांची नावे आहेत, माणसांसारखी, आणि त्याने अकरा नावे दिली आहेत. मागच्या बाकावरच्या त्या मुलीची वही सर्वांत लहान, पाऊण पान. वाडीने वर्गणी काढून विहीर धरली. दोन परसांवर मुरूम संपला आणि काळा लागला. आजोबा आणि चुलत्यांनी सुरुंग लावून आणखी दीड परस नेली. सांध्यावर थोडे ओल आले आणि चैतात तेही आटले. विहीर तशीच आहे. तिच्यात पोरे पडू नयेत म्हणून वर बाभळीचे काटे टाकले आहेत.